अकराव्या मिनिटाचा मुरुक्कु

शेषगिरीराव तंजावूरच्या टपाल खात्यात अडतीस वर्षं होते, आणि त्या अडतीस वर्षांत त्यांनी स्वतः बांधलेलं एकही पार्सल वाटेत सुटलं नाही, असं ते सांगतात. आपण मान्य करून टाकावं. नाही केलं तर ते आत जाऊन सुतळी घेऊन येतात आणि गाठ मारून दाखवतात, आणि मग जेवायला उशीर होतो.

त्यांचं घर मेडिकल कॉलेज रोडवर, पहिल्या मजल्यावर. घरात तीन लोखंडी कपाटं. दीड कपाटात संसार, आणि उरलेल्या दीड कपाटात अकराशे चाळीस कॅसेटी. बायको अंबाबाई, त्यांची वीणा खोळ घालून कोपऱ्यात उभी, ती नवरात्रात बाहेर निघते. कॅसेटी मात्र रोज निघतात. मुलगी हरिता चेन्नैला एका स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचं काम करते. बापाचं वेड तिच्यात उतरलं म्हणा, नाहीतर लहानपणी दुसरं काही ऐकायला मिळालंच नाही म्हणा.

आता या कॅसेटींबद्दल सांगायलाच हवं. यांतली एकही दुकानातून आणलेली नाही. रॉक वाजवणाऱ्या मंडळींनी स्टुडिओत बसून, चुका पुसून काढलेली रेकॉर्ड म्हणजे शेषगिरीरावांच्या मते लग्नातला ग्रुप फोटो. सगळे हजर आहेत, पण कोणी काही करत नाहीये. त्यांना हवं असतं ते भर मैफिलीत, श्रोत्यांत बसून कुणीतरी टिपलेलं. ज्यात गिटारवाला ठरलेलं गाणं सोडून भलतीकडेच निघतो, बासवाला अरे हा चालला कुठे म्हणून मागे धावतो, ड्रमवाला दोघांना सांभाळून घेतो, आणि वीस-पंचवीस मिनिटं रान तुडवून तिघंही पुन्हा त्याच गाण्याच्या दारात येऊन उभे राहतात. त्या जगात याला जॅम म्हणतात. एकाच मंडळीचं एकच गाणं, सलग तीन दिवसांच्या तीन मैफिलींतलं, अशा तिन्ही कॅसेटी त्यांच्याकडे आहेत. लग्नानंतर अंबाबाईंनी एकदा विचारलं की तेच ते तीन-तीनदा कशाला. तर म्हणाले, तू रोज सांबार करतेस, ते रोज सारखं होतं का? त्या म्हणाल्या, होतं की, माझं होतं. त्याचं उत्तर, खरं सांगायचं तर, ते आजही शोधतायत.

हे खूळ लागलं ते तंजावूरजवळच्या तिरुवैयारूला. शेषगिरीरावांचे वडील कृष्णाजीराव शाळामास्तर, पण गाण्याचे असे भक्त की दर पुष्यात, म्हणजे पौषात, तिथल्या गाण्याच्या उत्सवाच्या पाचही दिवशी मुलाला घेऊन कावेरीकाठच्या मांडवात पहिल्या रांगेत बसायचे. मुलाने इकडेतिकडे बघायचं नाही. मांडीवर ताल धरायचा. आदिताल म्हणजे आठ मात्रा: एक थाप, तीन बोटं, मग थाप आणि हात उताणा, पुन्हा थाप आणि हात उताणा. चुकलं की वडील बोलत नसत, नुसतं बघत, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट. संध्याकाळी परत येताना बसमध्ये पोराची मांडी लाल झालेली असायची. तंजावुरात पहिल्या रांगेत बसून ताल न धरणं म्हणजे देवळात जाऊन हात न जोडणं. गाणारे-वाजवणारेही त्या पहिल्या रांगेतल्या हातांकडे बघूनच चालतात.

तिथेच एक अमेरिकन पोरगा मृदंग शिकायला राहिला होता. परत जाताना त्याने कॉलेजात शिकणाऱ्या शेषगिरीला एक कॅसेट दिली. घरी रेडिओशेजारी टेपरेकॉर्डर होता, कृष्णाजीरावांचा, कीर्तनं टिपायला घेतलेला. त्यावर ही कॅसेट लागली. गिटारीचा एवढा मोठा आवाज ऐकून आई मागच्या दारी निघून गेली. वडील बसून राहिले. चाळीस मिनिटं तो गिटारवाला कुठेकुठे फिरून आला. कॅसेट थांबली तेव्हा कृष्णाजीराव, तंजावुरातल्या मराठी घरांत पिढ्यांपासून चालत आलेल्या जुन्या बोलीत, म्हणाले, "आपण कोठें चाललों तें ह्याला ठाऊक नाही. पण परत येणार हें ठाऊक आहे." एवढंच म्हणाले आणि आंघोळीला गेले. शेषगिरीला परवानगी मिळाली.

पुढे टपाल खात्यात नोकरी लागली आणि दुधात साखर पडली. कारण या कॅसेटी विकायच्या नसतात, तो त्या लोकांचा धर्म आहे. तू मला एक पाठव, मी तुला एक पाठवतो, झालं. पुण्याचा एक, कोलकात्याचा एक, शिलाँगचे दोघे, बाहेरदेशचे चार-पाच. प्रत्येक कॅसेटीच्या आतल्या कार्डावर बारीक अक्षरात लिहायचं: तारीख, जागा, कोण काय वाजवतंय, कुणी टिपलं, कुठे बसून टिपलं. शेषगिरीरावांची कार्डं बघावीत. त्या दिवशी वारा कुठून वाहत होता हेसुद्धा असतं.

आणि त्यांचा दरारा! कुणी कॅसेट पाठवली की हे आधी ती कानात प्राण आणून ऐकणार आणि मग पत्र लिहिणार. मैफिलीत कुणी शिट्टी वाजवली, कुणी शेजाऱ्याशी बोललं, कुणी टाळ्या पिटल्या, सगळं मिनिटासकट. शिलाँगच्या बिचाऱ्या एका माणसाला त्यांनी कळवलं होतं की एकतिसाव्या मिनिटाला खोकणारे गृहस्थ आपणच असाल तर पुढच्या वेळी कृपया घरी बसावे. तो माणूस खरंच तीन वर्षं कुठे गेला नाही म्हणतात. रेकॉर्डिंग करणाऱ्याने दगड होऊन बसावं, हा त्यांचा कायदा. साऱ्या देशातल्या या वेड्यांमध्ये तंजावूरच्या शेषगिरीरावांचा शब्द म्हणजे निकाल.

असा हा कडक माणूस, आणि त्याच्या कपाटात सगळ्यात खालच्या खणात, टॉवेलात गुंडाळलेली एक कॅसेट होती, जी त्याने छत्तीस वर्षांत एकाही माणसाला दिली नव्हती.

ती त्यांनी स्वतः टिपलेली एकुलती एक. एकोणनव्वदच्या फेब्रुवारीतला रविवार, दुपारचे चार. तंजावूरबाहेरच्या एका कॉलेजच्या मैदानावर बंगळूरहून आलेल्या तीन पोरांचा कार्यक्रम होता. मंडळीचं नाव 'रेड सिग्नल'. शेषगिरीरावांचं लग्न होऊन अठरा दिवस झाले होते. नव्या नवरीला घेऊन पहिल्यांदा बाहेर पडायचं ते कुठे, तर इथे. अंबाबाई गडद हिरव्या रेशमी पट्टुसाडीत, डोक्यात दोन हात लांब मोगरा, आणि पिशवीत सासूबाईंनी दिलेले मुरुक्कु. चकलीच ती, पण तंजावुरात तिला मुरुक्कुच म्हणायचं. हे निळ्या पट्ट्यांच्या शर्टात. पहिल्या रांगेत खुर्च्या धरल्या, डाव्या मांडीवर टू-इन-वन, म्हणजे रेडिओ-टेपरेकॉर्डर, ठेवला, बटण दाबलं.

आणि त्या पोरांनी काय वाजवलं म्हणून सांगू! सव्वीस मिनिटांचा एकच जॅम. शेषगिरीराव आजही त्याबद्दल बोलताना उभे राहतात. दहा मिनिटं आठ मात्रांत डुलत चाललेला तो जॅम अकराव्या मिनिटाला एकाएकी वळला आणि सात मात्रांत गेला. ना खूण, ना इशारा. सगळं मैदान हललं. अकराशे चाळीस कॅसेटींत असं वळण दुसरं नाही, असं त्यांचं मत, आणि त्यांचं मत म्हणजे काय ते सांगितलंच.

घरी येऊन त्यांनी कॅसेट लावली आणि कपाळाला हात लावला. गिटारीच्या वर, ड्रमच्या वर, सगळ्यांच्या वर एकच आवाज: थप्, थप्, थप्. डाव्या मांडीवर रेकॉर्डर, आणि उजव्या मांडीवर कृष्णाजीरावांचा मुलगा पूर्ण सव्वीस मिनिटं ताल धरून बसलेला. दगड होऊन बसावं म्हणणारा! बरं, एवढ्यावर भागलं असतं. अकराव्या मिनिटाला, वळणाच्या ऐन तोंडावर, कर्रर्र! मुरुक्कु. आणि त्याच्या पाठोपाठ ताल चुकलेला. एक मात्रा खाल्लेली, साफ ऐकू येते. वडिलांनी बघावं, न बोलता बघावं, अशी चूक.

मुरुक्कुचा दोष अर्थातच अंबाबाईंवर. ऐन वेळी तू हातात कोंबलास म्हणून माझा ताल गेला, जगातली एकमेव टेप तू नासवलीस. छत्तीस दिवाळ्या हे ऐकलं त्या बाईने. मुरुक्कुचा घाणा कढईत पडला की यांचं सुरू. त्या दरवेळी एवढंच म्हणायच्या की हात तुम्हींच पुढें केलात. मग दोघंही मुरुक्कु खायचे. वर्षातून एकदा अंबाबाई पापनाशमला बहिणीकडे गेल्या की शेषगिरीराव टॉवेल सोडून ती कॅसेट ऐकायचे. ऐकून सुखावायचे, आणि लाजून परत गुंडाळून ठेवायचे.

तर यंदाच्या नोव्हेंबरात हरिता सुट्टीला आली ती फोन नाचवतच. असल्या रेकॉर्डिंगवाल्यांच्या एका ग्रुपवर कुणी सुरेंद्र नावाच्या माणसाने लिहिलं होतं. तो रेड सिग्नलचा ड्रमवाला. तिघंही आता साठीला आलेले, जानेवारीत त्याच कॉलेजच्या स्नेहसंमेलनात पुन्हा एकत्र वाजवणार होते, आणि त्यांना तो जॅम वाजवायचा होता. पण तो कसा वाजवला होता हे तिघांनाही आठवत नव्हतं. कुणाकडे टेप आहे का? हरितेला मराठी सगळं कळतं, बोलताना मात्र अर्ध्या वाटेवर तमिळ लागतं. तिने मराठीत सुरुवात केली, तमिळमध्ये संपवली, आणि अर्थ एकच होता: अप्पा, टॉवेलातली.

शेषगिरीराव म्हणाले, ती खराब झाली. बुरशी आली.

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. अंबाबाईंनी नवऱ्याच्या तोंडून अनेक गोष्टी ऐकल्या होत्या, पण खोटं पहिल्यांदाच ऐकत होत्या. हरिता नुसती बघत राहिली. आजोबांना तिने पाहिलेलंही नव्हतं, पण ते बघणं तिच्याकडे कुठून आलं देव जाणे. शेषगिरीराव दोन तास टिकले. मग टॉवेलासकट कॅसेट आणून तिच्यापुढे ठेवली आणि सांगितलं, द्यायची तर देऊ, पण धुऊन. माझा हात निघाला पाहिजे, मुरुक्कु निघाला पाहिजे. नाहीतर शिलाँगपासून पुण्यापर्यंत लोक हसतील, आणि हसले तर त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही.

हरिता पोरगी हुशार. संगणकाच्या पडद्यावर तिने ती टेप पसरली तर एकेक थाप भाल्यासारखी उभी दिसत होती. दोन दिवस बसून एकेक उपटली. मुरुक्कुही उपटला. मग बापाच्या कानाला हेडफोन लावले. शेषगिरीरावांनी छत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्या बासवाल्याला नीट ऐकलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. हरिता मात्र कुरकुरली. स्वच्छ झालं खरं, पण काहीतरी रिकामं वाटतं, वळणाच्या तिथे मजा गेली, असं तिचं म्हणणं. बाप म्हणाला, तुझ्या कानात खडखडाट बसलाय, बाकी काही नाही.

सुरेंद्रला कळवलं, तर तो फाइल पाठवा म्हणून थांबलाच नाही. रविवारी सकाळच्या गाडीने बंगळूरहून थेट दारात. उंच, केस पांढरे, कारखान्यातून निवृत्त झालेला इंजिनियर. बसल्या जागी दोन्ही हातांची बोटं गुडघ्यांवर चालू. अंबाबाईंनी इडली वाढली, कॉफी, म्हणजे तिथली कापी, दिली, आणि आदल्या दिवशी केलेल्या मुरुक्कुची ताटलीही पुढे ठेवली. शेषगिरीरावांनी ताटलीकडे असं पाहिलं, जणू ती मुद्दाम आणली असावी. ती मुद्दामच आणली होती.

बोलणं तमिळमध्ये चाललं होतं. सुरेंद्रने आधीच सांगून टाकलं की त्यांच्या मंडळीत छत्तीस वर्षं एक भांडण चालू आहे. आठावरून सातावर कोण गेलं? गिटारवाला म्हणतो, सुरेंद्र गेला. बासवालाही तेच म्हणतो. सुरेंद्र म्हणतो, मी स्वतःहून गेलोच नव्हतो. आता टेप लागली की एकदाचा निकाल.

हरितेने धुतलेली टेप लावली. सुरेंद्रने डोळे मिटले, आणि दुसऱ्याच मिनिटाला त्याचा चेहरा एकवीस वर्षांचा झाला. गिटारवाला एके ठिकाणी घसरला तेव्हा तो मोठ्याने हसला. शेषगिरीराव त्याच्याकडे बघत होते आणि त्यांना वाटत होतं की टपाल खात्यात अडतीस वर्षं काढून आज खरं पार्सल पोचवलं. अकरावं मिनिट आलं, वळण आलं, आणि सुरेंद्रने डोळे उघडले. पुन्हा लाव म्हणाला. लावलं. पुन्हा. तीनदा ऐकून त्याने मान हलवली.

तो म्हणाला, इथे काहीतरी होतं, ते नाहीये. मग त्याने सांगितलं ते असं. त्या मैदानासमोर होस्टेलची लांबच लांब भिंत होती. वाजवलेलं सगळं तिच्यावर आपटून अर्धी मात्रा उशिराने परत येत होतं. गिटारवाला आपल्या धुंदीत, बासवाला गिटारवाल्याच्या मागे, आणि सुरेंद्रला सम कुठे आहे तेच कळेना. लहानपणी आजोळी तो चार वर्षं मृदंग शिकला होता. सवयीने त्याची नजर पहिल्या रांगेत गेली, कुणी ताल धरलाय का बघायला. रॉकच्या कार्यक्रमात कोण ताल धरणार? पण होता. निळ्या पट्ट्यांच्या शर्टातला एक माणूस, मांडीवर डबा घेऊन, आदिताल धरून, घड्याळासारखा. सुरेंद्रने त्या हाताला जे पकडलं ते सोडलंच नाही.

"आणि अकराव्या मिनिटाला तो हात समेवर एक मात्रा आधी पडला," सुरेंद्र म्हणाला. "मला वाटलं, कुणीतरी मोठा जाणकार आहे, सांगतोय की आता सातात चल. मी गेलो. तो माणूस कोण, हे आजवर कळलं नाही."

शेषगिरीरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मोठा जाणकार! गप्प बसले असते तर काय बिघडणार होतं? सव्वीस मिनिटं धुऊन पुसून तयार होती, शिलाँग हसणार नव्हतं, आणि तो अज्ञात जाणकार तसाच थोर राहिला असता. त्यांनी हरितेकडे पाहिलं नाही. ते उठले, आतल्या खोलीत गेले, टॉवेल घेऊन आले. जुन्या रेकॉर्डरमध्ये मूळ कॅसेट स्वतःच्या हाताने घातली.

थप्. थप्. थप्.

सुरेंद्र ताडकन उभा राहिला. त्याने शेषगिरीरावांच्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे, मग परत हाताकडे. पुढची दहा मिनिटं तो उभ्यानेच ऐकत होता. आणि मग सहाव्या मात्रेवर, हात उताणा व्हायच्या जागी, कर्रर्र. सातवी थाप गायब. आठव्या मात्रेवर, जिथे पडायला नको, तिथे समेची थाप. आणि लगेच पुढच्याच आवर्तनात ड्रम वळला, त्याच्या मागून बास, त्याच्या मागून गिटार, आणि दोन आवर्तनं गोंधळून मांडीवरची थापही सातात आली. हरितेने तोंडावर हात घेतला. ती टेप लहानपणी चोरून किती वेळा ऐकली असेल, पण हात पुढे आणि ड्रम मागे, हे तिच्याही ध्यानात आलं नव्हतं. आजवर घरात सगळ्यांना वाटायचं की शेषगिरीरावांची चूक वेगळी आणि मंडळीचं वळण वेगळं, दोन्ही नुसती एका वेळी पडली.

शेषगिरीरावांनी मग सगळं कबूल केलं. मी जाणकार वगैरे नाही. खूण केलेली नाही. हात उताणा झाला, हिने त्यात मुरुक्कु ठेवला, मी तो तोंडात टाकला आणि मात्रा हुकली. चूक झाली. ज्या वळणावर मी छत्तीस वर्षं जीव टाकला ते माझ्याच चुकीतून निघालं, हे मला आत्ता कळतंय. एवढं बोलून ते खाली बसले.

सुरेंद्र हसायला लागला तो थांबेचना. ताटलीतला एक मुरुक्कु उचलून त्याने डोळ्यांपुढे धरला आणि म्हणाला, आम्ही तिघं छत्तीस वर्षं ज्यावरून भांडतोय तो हा होय! मग एकदम गंभीर होऊन त्याने दोन गोष्टी मागितल्या. एक, ही मूळ टेप हवी, थापांसकट, मुरुक्कुसकट. धुतलेली नको. दुसरी, जानेवारीत शेषगिरीरावांनी पहिल्या रांगेत यायचं आणि ताल धरायचा. ती भिंत अजून तिथेच उभी आहे म्हणाला.

शेषगिरीराव काही बोलणार तेवढ्यात अंबाबाई दारातून पुढे आल्या. त्या पाव्हण्यासमोर फारशा बोलत नाहीत. पदराला हात पुसत त्यांनी नवऱ्याला मराठीत सांगितलं, आणि हरितेला ते सुरेंद्रपर्यंत पोचवता यावं म्हणून सावकाश सांगितलं.

"चुकून नाही ठेवला मी. सहा वर्षें वीणा शिकलें आहें. हात कोठें उताणा होतो तें मला ठाऊक नाही काय? लग्नाला अठरा दिवस झाले होते, नवी साडी नेसलें होतें. अर्धी घटका झाली, तुम्हीं एकदां माझ्याकडे पाहिलें नाहीत. मग हात उताणा व्हायची वाट पाहिली आणि ठेवला."

वीणा कोपऱ्यात उभी होती. रोज समोर असलेली वस्तू. शेषगिरीरावांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग अंबाबाईंकडे. हे इतकी वर्षं सांगितलं का नाहीस, असं त्यांनी हळूच विचारलं. तर त्या म्हणाल्या, तुम्हीं विचारलें कोठें, तुम्हीं ओरडलांत. आणि रिकामी कपबशी उचलून आत गेल्या. हरितेने हे सुरेंद्रला तमिळमध्ये समजावलं, तेव्हा तो उठला, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला आणि त्या बाईला वाकून नमस्कार केला. गिटारवाल्याला कळवायचं म्हणून तिथूनच फोन लावला. पलीकडचा माणूस काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण बराच वेळ म्हणत होता.

दुपारच्या जेवणानंतर सुरेंद्र निघाला. मूळ कॅसेटीची नक्कल शेषगिरीरावांनी स्वतः बांधली, चारी बाजूंनी सुतळी, वर त्यांची ती गाठ. डब्यात उरलेले सगळे मुरुक्कु अंबाबाईंनी दिले. हरिता त्याला स्टेशनवर सोडायला स्कूटर काढून गेली.

घरात दोघंच उरले. अंबाबाई पंख्याखाली पाय पसरून बसल्या होत्या. शेषगिरीराव मेजाशी बसून कॅसेटीचं जुनं कार्ड बाहेर काढून बघत होते. सगळं होतं त्यावर. तारीख, मैदान, पहिली रांग, वारा पश्चिमेचा. गिटार कोण, बास कोण, ड्रम कोण. टिपणारा शेषगिरी. बरोबर कोण होतं, त्याचा मात्र उल्लेख नव्हता. छत्तीस वर्षांत ही जागा रिकामी आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि अंबाबाईंच्या ध्यानात आल्यावाचून राहिलं असेल असं वाटत नाही.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. ड्रमच्या खालच्या ओळीत बारीक अक्षरात अंबाबाईंचं नाव लिहिलं आणि थांबले.

"पुढें काय लिहूं?" त्यांनी विचारलं. "काय वाजवलें म्हणून?"

अंबाबाईंनी डोळे मिटलेलेच ठेवले. "मुरुक्कु लिहा," त्या म्हणाल्या, "आणि चुकून नव्हे, तेंही लिहा."